शेंडा छाटल्यावर झाड मरते काय ?
(निसर्गाभ्यासाचा पाठ : इयत्ता सहावी व सातवी)

शाळेच्या ओसरीतील कुंडीत लावलेले शोभेचे रबराचे झाड काही वर्षांत आढ्याला टेकते. खाली उघडे खोड व वर चार पाने, अशी त्याची अवस्था होते. ते छाटू म्हटले की मुले हळहळतात. “गुरुजी, झाड मरेल,” असे म्हणतात. या कळकळीची थट्टा करू नये. तिला निरीक्षणाची जोड द्यावी.

पूर्वज्ञान : हरभऱ्याचे शेंडे खुडल्यावर रोप कसे डवरते, हे शेतकऱ्यांच्या मुलांनी पाहिलेले असते. तेथूनच प्रश्नास आरंभ करावा. रबराचे हे झाड वड, पिंपळ व उंबर यांच्या गणातील आहे. व्हायोलिनच्या आकाराच्या पानांचे, शहरांतील दिवाणखान्यांत दिसणारे पश्चिम आफ्रिकेतील झाडही त्यांचेच भावंड. पान तोडताच पांढरा चीक येणे, ही या साऱ्यांची खूण होय.

विवेचन : प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा निद्रिस्त असतो. शेंड्यात तयार होणारे ऑक्झिन नावाचे द्रव्य खोडातून खाली उतरते व डोळ्यांच्या वाढीस अटकाव करते. शेंडा गेला की हा अटकाव सरतो. थीमन व स्कूग या शास्त्रज्ञांनी १९३३ साली बाकल्याच्या रोपांवर प्रयोग केला. शेंडा कापून त्या जागी ऑक्झिन लावले असता डोळे निद्रिस्तच राहिले.

कृती : पावसाळ्याच्या आरंभी धारदार, स्वच्छ चाकूने पानाच्या सांध्याच्या सुमारे १ सेंटिमीटर वर खोड कापावे. एका वेळी एक-तृतीयांशाहून अधिक पाने काढू नयेत. कापण्याचे काम शिक्षकांनी स्वतः करावे. चिकाने कातडीची व डोळ्यांची आग होते. म्हणून तो ओल्या फडक्याने टिपावा व हात साबणाने धुवावेत. कुंडी भरपूर उजेडात ठेवावी. अंधारात नवी फूट रोडावते. दुसरी कुंडी असल्यास ती तुलनेसाठी न छाटता राखावी.

नोंद : मुलांनी दर आठवड्यास कोणत्या सांध्याचा डोळा फुगला, किती फुटवे आले, हे तारखेसह वहीत लिहावे. फूट दिसण्यास काही आठवडे लागतात. तोवर शिक्षकांनी निष्कर्ष सांगण्याची घाई करू नये. झाड मरेल म्हणून ज्या मुलाने हरकत घेतली, त्याच्याच हाती नोंदवही द्यावी. पहिला कोंब त्याला दिसला, म्हणजे पाठाचे सार्थक झाले.