मोथा जूनआधी, गाजर गवत जुलैत

नागपूरच्या वर्धा रोड, काटोल रोडकडच्या लग्नाच्या लॉनना पावसाळ्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत उसंत असते. तणाचा बंदोबस्त याच दिवसांत व्हायला हवा. पण माळ्याला आठवण होते ती तान्हा पोळा आटोपल्यावर. तोवर तण फुलून बी गळायला लागलेले असते.

सगळ्यात चिवट मोथा. उपटला की पात हातात येते, गाठ काळ्या मातीतच राहते आणि तिच्या साखळीतल्या निजलेल्या गाठीही फुटू लागतात. नवीन लॉन लावायचे असेल तर नवतप्यात जमीन खोल खणून ढेकळे उलथी करावीत. वर आलेल्या गाठी उन्हात कडकडीत वाळल्या की मरतात. पाऊस लागल्यावर खणले तर त्याच गाठी सगळीकडे पसरतात. उभ्या हिरवळीत मोथा तीन-चार पानांवर असताना हॅलोसल्फ्युरॉन मिथाईल कामी येते. मात्र लेबलावर हिरवळीचा उल्लेख आहे का ते आधी वाचा. दुकानदाराच्या तोंडी हिशेबावर जाऊ नका. औषध गाठीपर्यंत उतरायला वेळ लागतो, म्हणून फवारणीनंतर दोन-चार दिवस मशीन फिरवू नये.

गाजर गवत पहिल्या पावसावर उगवते आणि महिना-दीड महिन्यात फुलते. एकेक झाड हजारो बिया टाकते. पाने जमिनीला चिकटून चकतीसारखी पसरलेली असतानाच, ओल्या मातीत, मुळासकट उपटा. हातमोजे हवेतच, नाहीतर अंगाला खाज सुटते. त्याचा जागृती सप्ताह देशभर 16 ते 22 ऑगस्टला पाळतात. आपल्याकडे मृगात उगवलेली झाडे तोवर पांढरी झालेली असतात, तेव्हा जुलैच धरा. कुंपणाबाहेरच्या गाजर गवतावर पट्ट्यापट्ट्यांचे मेक्सिकन भुंगे दिसले, तर तिथे फवारू नका. ते फुकटचे मजूर आहेत.

दुधी आणि घोळ जमिनीसरपट वाढतात, मशीन वरून निघून जाते, त्यांना खुरपेच. तरोटा शेंगा धरण्याआधी उपटावा. बथुआ दिवाळीनंतर, थंडी पडली की उगवतो. तो कोवळा असताना काढायचा आणि हवा तर भाजीला घ्यायचा.

रुंद पानांच्या तणावर लोक सर्रास टू-फोर-डी मारतात. शेजारी कपाशी असेल तर मारूच नका. वाऱ्यावर आलेल्या थोड्याशा अंशानेही कपाशीची पाने भेंडीसारखी चिरलेली, अरुंद होतात. त्या औषधाचा पंप वेगळा ठेवा. नुसता धुऊन तो कपाशीवर नेला, तरी हाच प्रकार होतो.