एका बोटाने दाखव

माझ्या डाव्या तळहाताच्या बुडाशी, करंगळीच्या बाजूला, इंचभर लांबीचा एक व्रण आहे. त्याच्याखाली पूर्वी हाडाचा एक लहानसा तुकडा होता, आकड्यासारखा वाकलेला. तो आता नाही. तो मोडला आहे हे मला सव्वीस दिवस कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर ते कळू नये म्हणूनच माझी सगळी धडपड चालली होती. आता मी शाळकरी मुलांना बेसबॉल शिकवतो. दर फेब्रुवारीत एखादा तरी मुलगा माझ्यासारखाच वागताना दिसतो, म्हणून हे लिहितो आहे.

आम्ही नाशिकहून ॲरिझोनात, चॅन्डलरला आलो तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. नाशिकला मामाच्या मागे मागे मैदानावर जायचो. मामा क्लबचा यष्टीरक्षक. त्याची तीन बोटं वाकडी होती आणि ती तो पाहुण्यांना कौतुकाने दाखवायचा. "कीपरची बोटं सरळ असली ना, तर समज त्याने चेंडू सोडलेत," असं म्हणायचा. चॅन्डलरमध्ये क्रिकेट नव्हतं असं नाही, पण शाळेत होता बेसबॉल. पहिल्याच दिवशी प्रशिक्षकांनी विचारलं, मागे कोण बसेल? माझा हात वर गेला. बसायची सवय होती, चेंडूची भीती नव्हती. फरक एवढाच, की इथे हातमोजा फक्त डाव्या हातात. उजवा हात उघडा, म्हणून तो पाठीमागे दडवून ठेवायचा.

फीनिक्सच्या आसपास वाढणाऱ्या मुलाला फेब्रुवारीचं वेड वेगळं सांगावं लागत नाही. मोठ्या लीगचे पंधरा संघ इथे सरावाला उतरतात, तेही तासाभराच्या टापूतल्या दहा मैदानांवर. सगळ्यांत आधी येतात ते पिचर आणि कॅचर. पिचरचा खांदा हळूहळू तापवायचा असतो आणि त्याचे चेंडू घ्यायला समोर कोणीतरी बसावंच लागतं. बाकीचे आरामात येतात. आमच्या शाळेचा सरावही त्याच सुमारास सुरू व्हायचा. 2013 साली मी बारावीत होतो, पहिल्या पसंतीचा कॅचर होतो आणि मार्चमध्ये दोन-तीन कॉलेजांचे प्रशिक्षक मला बघायला येणार होते.

पहिल्याच शनिवारी जाळीत फलंदाजी करताना एका आतल्या चेंडूवर मी बॅट अर्ध्यात थांबवली. तळहातात काहीतरी कट्‌ झालं. बॅटच्या मुठीच्या टोकाला जो गोळा असतो, तो रुतला होता. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा हात मुठीवर खाली असतो, आणि तो गोळा बरोबर हॅमेट नावाच्या हाडावर टेकतो. मनगटात आठ लहान हाडं असतात, त्यांतलं हे करंगळीच्या बाजूचं. त्याला तळहाताकडे आलेला एक आकडा असतो, तोच मोडतो. कोणत्याही फलंदाजाचा मोडू शकतो. पण कॅचरची अडचण दुहेरी. त्याचा मिट, म्हणजे हातमोजा, तोही त्याच डाव्या हातात. चेंडू अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या जाळीत नीट बसला तर ठीक. जरा चुकला की तळहाताच्या बुडाशी आदळतो, त्याच जागी.

घरी आईने हळदीचा लेप लावला. सूज फार नव्हतीच. मी सरावाआधी दोन गोळ्या घ्यायचो, सराव झाला की बर्फ लावायचो आणि मिटच्या आत स्पंजचा तुकडा सरकवायचो. नवव्या दिवशी बाबांच्या लक्षात आलं की मी ताट उजव्या हाताने उचलतोय. ते मला जवळच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी विचारलं, कुठे दुखतंय? मी उजव्या हाताने सगळं मनगट कुरवाळल्यासारखं केलं आणि म्हणालो, असं इथे, मनगटात. एक्स-रे काढला. हाड शाबूत दिसलं. मुरगळलं असेल, जमेल तसं खेळ, असं सांगितलं.

माझ्या चुकांत मी ही सर्वांत मोठी मानतो. दुखण्याची जागा मला नेमकी ठाऊक होती. एका बोटाने दाखवता आली असती. दाखवली नाही, कारण मला 'काही नाही' हेच उत्तर हवं होतं. या आकड्याची मोडतोड साध्या समोरून काढलेल्या एक्स-रेत बहुतेक वेळा दिसतच नाही. मनगट मागे वाकवून एका खास कोनातून काढावा लागतो, किंवा सरळ सीटी स्कॅन करावा लागतो. डॉक्टरांचं बोट त्या जागेवर गेलं असतं तर त्यांना हे सुचलं असतं. सगळ्या मनगटावर हात फिरवणाऱ्या मुलाच्या बाबतीत कसं सुचणार?

त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट घडली. आमच्या मुख्य पिचरचं कोपर चेंडू सोडताना खाली पडायला लागलं होतं. समोर बसलेल्या कॅचरला हे आधी दिसतं. मी प्रशिक्षकांना जाऊन सांगितलं, त्यांनी त्याला दहा दिवस विश्रांती दिली आणि सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. तेव्हा माझा डावा हात जाकिटाच्या खिशात होता. दुसऱ्याचं दुखणं ओळखून वेळेवर बोलणं हे कॅचरचं काम आहे, हे मला पुरतं कळलेलं होतं. तोच नियम माझ्या हाताला लागू आहे, हे मात्र मनात आलं नाही. मामाची वाकडी बोटं डोळ्यांसमोर होती. आणि बस्टर पोझी होता.

पोझी सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा कॅचर. मे 2011 मध्ये होम प्लेटवर धावणारा खेळाडू त्याच्यावर येऊन आदळला. पायाचं हाड मोडलं, घोट्याचे लिगामेंट फाटले, हंगाम संपला. पुढच्या मार्चमध्ये मी बाबांच्या मागे लागून स्कॉट्सडेलला त्याला बघायला गेलो होतो. आम्ही गेलो त्या दिवशी तो मैदानात उतरलाच नाही, आणि मी हिरमुसून घरी आलो. त्या वर्षी त्याने .336 च्या सरासरीने फलंदाजी केली, नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, संघाने विश्वविजेतेपद मिळवलं. माझ्या डोक्यात एवढंच राहिलं, की खरा कॅचर परत येतो. त्याला सरावात बेताबेताने खेळवलं होतं, हंगामातही मधूनमधून पहिल्या बेसवर उभं करून त्याच्या पायांना उसंत दिली होती, हे सगळं माझ्या समोर होतं. मी तो दिवस वाया गेला असं समजत होतो. त्याची तयारी चालली होती ती नेमकी तशाच दिवसांत.

तिसऱ्या आठवड्यात करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या यायला लागल्या. त्या आकड्याला लागूनच एक नस जाते, ती या दोन बोटांना संवेदना देते. मग एका सकाळी दात घासताना नळ बंद करायला गेलो, तर करंगळी मिटेना. तेव्हा घाबरलो आणि आईला सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. "कधीपासून रे?" एवढंच तिने विचारलं, आणि मला खरा आकडा सांगता आला नाही.

हाताच्या शल्यविशारदांनी एक बोट ठेवून दाबलं आणि मी खुर्चीतून उठलो. सीटी स्कॅनमध्ये तुकडा स्पष्ट दिसला. त्याची कड धारदार झाली होती, करंगळी मिटवणारी कंडरा तिच्यावर घासून झिजत चालली होती. आणखी काही दिवस तसाच चेंडू घेत राहिलो असतो तर ती तुटली असती. मग दुसरीकडची कंडरा आणून जोडण्याचं मोठं काम करावं लागलं असतं. लवकर कळलं असतं आणि तुकडा जागचा हलला नसता, तर नुसत्या प्लास्टरनेही जुळण्याची आशा होती. तिथे रक्तपुरवठा कमी असल्यामुळे खात्री नसते. खेळाडूंचा तुकडा बहुधा काढूनच टाकतात, आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांत ते खेळायला लागतात. माझ्या कंडरेमुळे मला त्याहून बराच वेळ लागला. हंगाम मेमध्ये संपतो. मी एकही सामना खेळलो नाही. कॉलेजांचे प्रशिक्षक येऊन गेले, तेव्हा मी बाकावर बसून धावा लिहीत होतो.

आता मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना काही सांगायचं आहे.

डॉक्टरांकडे जाण्याआधी घरी बसून एका बोटाने दुखरी जागा शोधा आणि पेनाने तिथे खूण करा. करंगळीच्या बाजूला, मनगटाच्या घडीच्या जरा वर तळहातात ठणका असेल, मूठ आवळताना तो वाढत असेल, तर 'साधा एक्स-रे बरोबर आहे' यावर थांबू नका. हॅमेटचं नाव घेऊन विचारा. इथे राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना सीटी स्कॅनचं बिल किती येईल याची धास्ती असते, ती मी आमच्या घरी पाहिली आहे. विमा कंपनीला आधी फोन करून विचारता येतं. नाशिक-पुण्याकडे बॅट, रॅकेट किंवा गोल्फची काठी धरणाऱ्या मुलांनाही हे दुखणं होऊ शकतं, आणि तिथेही हाताच्या तज्ज्ञाकडेच जावं, असं मी माझ्या मामेभावंडांना सांगत असतो.

गोळी घेऊन खेळायला उतरू नका. सूज उतरवणाऱ्या गोळीने दुखणं दबतं, मोड जिथल्या तिथे राहते. मी रोज सकाळी बोटं दाबून बघायचो आणि 'आज बरं आहे' म्हणायचो, ते गोळीचं बरं असायचं.

शस्त्रक्रियेनंतरचा काळ कंटाळवाणा असतो आणि तिथे मी दुसऱ्यांदा चुकलो. टाके निघाल्यावर व्रण दुखरा असतो, त्याला रोज चोळून मऊ करावं लागतं. मग पिठासारखा मऊ गोळा मुठीत दाबायचा. मग चेंडूशिवाय बॅट फिरवायची, मग खांबावर ठेवलेला चेंडू, मग समोरून हळू टाकलेला. हे सगळं मी मन लावून केलं, फिजिओबाईंची वही आजही माझ्याकडे आहे. पण उजव्या हाताकडे माझं लक्षच नव्हतं. डावा हात बरा होत असताना उजवा खांदाही तीन महिने बसून होता. होम प्लेटपासून दुसऱ्या बेसपर्यंत 127 फूट आणि वर तीन इंच अंतर आहे. परवानगी मिळाली त्या पहिल्याच दिवशी मी पूर्ण ताकदीने दुसऱ्या बेसवर फेकी केल्या, सलग वीस-पंचवीस. त्या उन्हाळ्यात खांदा धरूनच राहिला. म्हणून आता माझ्याकडच्या मुलाचा एक हात बांधलेला असला, तरी डॉक्टरांची हरकत नसेल तर दुसऱ्या हाताची फेक मी पंचेचाळीस फुटांपासून चालू ठेवतो. साठ, नव्वद, एकशे वीस, असं आठवड्या-आठवड्याने वाढवतो. पायांचंही तसंच. कॅचर एका सामन्यात शंभराहून अधिक वेळा बसतो-उठतो. दोन महिने न बसलेले गुडघे पहिल्या दिवशी सात डाव सहन करतील अशी अपेक्षा धरू नये.

ज्यांना वाटतं की कबूल केलं तर जागा जाईल, त्यांना मी कॅन्सस सिटीच्या सॅल्व्हाडोर पेरेझबद्दल सांगतो. 2019 साली इथल्याच सर्प्राइझ गावात सराव चालू असताना त्याचं कोपर दुखावलं. तपासणीत लिगामेंटला इजा झाल्याचं दिसलं, मार्चमध्येच शस्त्रक्रिया झाली, पूर्ण हंगाम गेला. 2021 मध्ये त्याने 48 होमरन मारले. तोवर कुठल्याही कॅचरने एका हंगामात तेवढे मारले नव्हते. एवढा मोठा खेळाडू, एवढा पैसा पणाला लागलेला, आणि क्लबने वर्षभर थांबायचं ठरवलं. शाळेच्या संघात आपण का थांबू नये?

प्रशिक्षकांनाही एक विनंती. 'दुखतंय का?' असं विचारू नका. कॅचर नाहीच म्हणणार, तोंडावर काही दिसू न देणं तुम्हीच त्याला शिकवलेलं असतं. त्याचा मिट बघा, आत काही खुपसलेलं आहे का. पाण्याची बाटली तो कुठल्या हाताने उघडतो ते बघा.

गेल्या वसंतात माझ्याकडच्या एका चौदा वर्षांच्या मुलाच्या मिटमध्ये मला दुमडलेला मोजा सापडला. कुटुंब कोल्हापूरकडचं. मी त्याचा तळहात धरला आणि म्हणालो, एका बोटाने दाखव. त्याने मनगटाभोवती हात फिरवला. मी त्याचंच बोट धरून त्या जागेवर ठेवलं आणि हलकेच दाबलं. तो म्हणाला, दुखत नाही, पण डोळ्यांत पाणी आलं होतं. त्याच्या आईला फोन केला. "अहो, पण एक्स-रे तर काढलाय ना, चांगला आलाय," त्या म्हणाल्या. मी त्यांना कागद-पेन घ्यायला सांगितलं आणि हाडाचं नाव अक्षर-अक्षर करून सांगितलं. पाच दिवसांनी निदान झालं, नवव्या दिवशी शस्त्रक्रिया.

सात आठवड्यांनी तो डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन मैदानावर आला आणि सरळ गुडघ्यांना पट्टे बांधायला बसला. मी बादलीतून टेनिसचे चेंडू काढले. आज पंचवीस, तेही दहा पावलांवरून, असं म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. पंचविसावा चेंडू झेलल्यावर त्याने न विचारताच मिट काढला, तळहात माझ्यासमोर धरला आणि एक बोट ठेवून म्हणाला, "इथे थोडंसं." मी वहीत लिहून घेतलं. खरा चेंडू पुढच्या सोमवारी.