शेतात विविधता, ताटात सत्त्व

गेल्या वर्षी जूनच्या सुरुवातीला पस्तिशीच्या एक शेतकरी बाई दवाखान्यात आल्या. थोडे चालले तरी धाप, सतत थकवा, चेहरा फिकट. हिमोग्लोबिन अवघे 7 ग्रॅम. चार एकरांची मालकीण, आणि अंगात रक्त नाही!

"बाई, शेतात काय पेरता?"

"सगळं सोयाबीन, डॉक्टरसाहेब."

"आणि जेवता काय?"

"रेशनचा भात, चपाती, बटाटा. पालेभाजी बाजाराच्या दिवशी."

वर्षानुवर्षे मी लोहाच्या गोळ्या लिहून देत आलो. शेतात काय पिकते, हे विचारायचे मात्र राहून गेले. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला.

पूर्वी ज्वारी-बाजरीत तुरीचे तास, मूग, उडीद, मटकी असे आणि बांधावर अंबाडी. एक पीक गेले तर दुसरे हाती लागे. कडधान्यांच्या मुळांवरील गाठींमुळे जमिनीला नत्र मिळे. भाकरी आणि डाळ एकत्र खाल्ली की एकीतील प्रथिनांची उणीव दुसरी भरून काढते. 100 ग्रॅम बाजरीत 6 मिलिग्रॅमहून अधिक लोह असते. पांढऱ्या तांदळात एक मिलिग्रॅमही नसते. नाचणीत तर कॅल्शियम भरपूर.

अहिल्यानगर जिल्ह्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांची बियाणे जपून बीज बँक उभारली. त्यांना 2020 ची पद्मश्री जाहीर झाली. मग आपल्याला निदान एवढे तरी जमावे :

1. नगदी पीक जरूर घ्या, पण घरच्यापुरती तूर, मूग आणि ज्वारी किंवा बाजरी पेरा.

2. परसात शेवगा, लिंबू, मेथी, चवळी, दोडका लावा. गावरान बी वाळवून, राख लावून पुढच्या वर्षासाठी ठेवा.

3. जेवणात लिंबू पिळा. त्याने लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा टाळा.

4. फवारणी झालेल्या पिकातली किंवा त्याच्या बांधावरची भाजी खुडू नका.

5. रक्तक्षय असल्यास कारण तपासून घ्या. गोळ्या मनाने बंद करू नका.

त्या बाईंनी गोळ्या नियमित घेतल्या, सोयाबीनमध्ये तुरीचे तास धरले, परसात मेथी केली. दिवाळीपर्यंत हिमोग्लोबिन 11 झाले. ते वाढले गोळ्यांनी. टिकवायचे काम आता त्यांच्या शेताचे आहे.