घरी जन्मलेले बाळ आणि सिकलसेलची तपासणी

आरमोरी भागातील एका आजीबाईंचे पत्र गेल्या आठवड्यात आले. त्या लिहितात, ‘माझा मुलगा व सून दोघेही सिकलसेलचे वाहक आहेत. सुनेचे नाव दवाखान्यात नोंदवले होते, पण दिवस भरण्याआधीच रात्री कळा सुरू झाल्या आणि बाळंतपण घरीच झाले. नातू गुटगुटीत आहे, दूध ओढतो, रंगही छान आहे. मग त्याचे रक्त काढायलाच हवे काय?’

आजीबाई, काढायलाच हवे. पण कोणती तपासणी आणि केव्हा, हे समजून घेतले नाही तर रक्त काढूनही घात होतो. तो माझ्या हातून झाला आहे, म्हणून आज तीच हकीकत सांगते.

२००९ च्या ऑगस्टमधली गोष्ट. मी तेव्हा याच जिल्ह्यात एका ग्रामीण दवाखान्यात होते. तीन दिवस पावसाची झड लागली होती. नाल्याच्या पुलावरून पाणी चाललेले. पलीकडच्या गावातील एका बाईला पंधरा दिवस आधीच कळा आल्या. जीप नाल्यापर्यंत येऊन परत गेली. सासूबाई आणि गावातील म्हाताऱ्या दाईने मिळून बाळंतपण केले. नवे ब्लेड आणि दोरा उकळून घेतला, बाळाला कोरडे पुसून आईच्या छातीशी ठेवले, वार पूर्ण पडल्याची खात्री केली. दुसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर मी व नर्सबाई पोचलो, तेव्हा नाव ठेवायला जागा नव्हती. मुलगा होता, वजन २ किलो ६०० ग्रॅम.

या घराला सिकलसेल नवा नव्हता. नवरा-बायको दोघेही वाहक, म्हणजे ‘एएस’. वाहकाला स्वतःला सहसा काही त्रास नसतो. पण दोघे वाहक असले की प्रत्येक गरोदरपणात मूल ‘एसएस’, म्हणजे प्रत्यक्ष रुग्ण, होण्याची शक्यता चारात एक असते. ‘पहिले मूल आजारी निघाले, आता पुढची तीन सुटली’ असा हिशेब लोक करतात, तो चुकीचा आहे. दर वेळी फासा नव्याने पडतो. यांची चार वर्षांची थोरली मुलगी एसएस होती. दोनदा रक्त चढवल्यावर तिचे निदान झाले होते. त्यामुळे बाळ पाहताच सासूबाईंचा पहिला प्रश्न, ‘मॅडम, याले सिकल तं नाही न?’

दहाव्या दिवशी बाळाला दवाखान्यात आणले. आमच्याकडे तेव्हा फक्त विद्राव्यता चाचणी होती. नळीतल्या औषधात रक्ताचा थेंब टाकायचा; पाणी गढूळ झाले तर सिकलसेल आहे, स्वच्छ राहिले तर नाही. पाणी स्वच्छ राहिले. मी स्वतःच्या हाताने कार्डावर ‘निगेटिव्ह’ लिहिले. बापाने दवाखान्यात पेढे वाटले.

आता यात काय चुकले ते पाहा. आईच्या पोटात असताना बाळाच्या रक्तात वेगळ्या जातीचे हिमोग्लोबिन असते. त्याला गर्भ-हिमोग्लोबिन म्हणतात. जन्माच्या वेळी निम्म्याहून बरेच जास्त हिमोग्लोबिन याच जातीचे असते, आणि पुढच्या सहा महिन्यांत ते ओसरून त्याची जागा मोठ्यांचे हिमोग्लोबिन घेते. सिकलसेलचा दोष असतो तो या मोठ्यांच्या हिमोग्लोबिनमध्ये. त्याच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येते. एवढ्याशा बदलाने प्राणवायू कमी पडताच तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. गर्भ-हिमोग्लोबिन भरपूर असेतोवर पेशी वाकत नाहीत. म्हणून एसएस बाळसुद्धा पहिले काही महिने गुटगुटीत दिसते आणि नळीतले पाणीही स्वच्छ राहते. सहा महिन्यांच्या आतील बाळाला ही चाचणी लावूच नये. पुस्तकात मी हे वाचलेले होते. त्या दिवशी मात्र मला आठवण झाली नाही, की सासूबाईंच्या तोंडाकडे पाहून मलाच ते आठवायचे नव्हते, कोण जाणे.

पुढच्या आठ महिन्यांत मुलाला दोनदा सणकून ताप आला. घरच्यांनी गावातच गोळ्या घेतल्या. थोरलीला ताप आला की हीच माणसे रात्री-अपरात्री दवाखाना गाठत. पण धाकट्याच्या कार्डावर ‘निगेटिव्ह’ होते. २०१० च्या एप्रिलमध्ये त्याचे दोन्ही हात आणि पावले फुगली, हात लावू देईना. एका ठिकाणी मुका मार समजून लेप दिला, दुसऱ्या ठिकाणी इंजेक्शन. बापाने दोन्हीकडे कार्ड दाखवले होते. शेवटी ती माझ्याकडे आली. लहान बाळाचे हात-पाय असे दुखून सुजणे, हे सिकलसेलचे फार ओळखीचे पहिले लक्षण. बोटांच्या हाडांतील रक्तपुरवठा अडला की ती सूज येते. नमुना नागपूरला इलेक्ट्रोफोरेसिससाठी पाठवला. उत्तर आले: एसएस.

मी चूक कबूल केली. सासूबाई रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, ‘मॅडम, कागद तुमचाच होता न?’

ते दोन ताप साधे निघाले, हे केवळ नशीब. एसएस मुलाची प्लीहा लहानपणीच निकामी होऊ लागते, त्यामुळे न्युमोकोकस जातीच्या जंतूंचा संसर्ग काही तासांत जिवावर बेतू शकतो. म्हणूनच निदान पक्के झालेल्या बाळाला दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून पाच वर्षांचे होईपर्यंत रोज पेनिसिलीन देतात. माझ्या त्या एका शब्दाने त्याचे सहा महिन्यांचे पेनिसिलीन हुकले होते.

दुसरा धोका म्हणजे प्लीहेत एकाएकी रक्त साठणे. मूल काही तासांत पांढरेफटक पडते, पोट फुगते. जमैकात आयांना घरी प्लीहा चाचपायला शिकवले, तेव्हा यातून होणारे मृत्यू पुष्कळ कमी झाले. आम्हीही थोरलीच्या वेळी या आजीला ते शिकवले होते: मूल उताणे झोपवायचे, डाव्या बरगडीखाली बोटे हलकेच ठेवायची, कडक काठ लागतो का पाहायचे. मुलगा चौदा महिन्यांचा असताना एका सकाळी तो खेळेना. आजीला काठ चार बोटे खाली लागला. दुपारपर्यंत ती त्याला घेऊन हजर. हिमोग्लोबिन ४ वर आले होते. लगेच रक्त मिळाले म्हणून मूल वाचले. डॉक्टरच्या नळीपेक्षा आजीची बोटे खरी ठरली, हे मला आजही लिहून ठेवावेसे वाटते.

पत्रातील आजीबाईंकडे परत येते. बाळंतपण घरी झाले तरी त्याच दिवशी आई व बाळ दोघांनाही दवाखान्यात न्या. आता १०८ ला फोन केला की गाडी मिळते. पहिल्या २४ तासांत बाळाला कावीळ ब ची लस व ‘के’ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन मिळायला हवे. आई स्वतः एसएस असेल तर घरी थांबूच नये. बाळंतपणानंतरच्या दिवसांत तिला अंगदुखीचा झटका, छातीचा संसर्ग, रक्ताची गुठळी यांचा धोका असतो. तिला भरपूर पाणी द्या आणि गारठ्यापासून जपा.

तपासणीबाबत डॉक्टरांना स्पष्ट सांगा, ‘आई-बाप दोघे एएस आहेत, बाळाची एचपीएलसी करा.’ टाचेतील रक्ताचे थेंब पुरतात आणि नवजात बाळातही ही चाचणी चालते. बाळाला रक्त चढवायचे असेल तर नमुना त्याआधी घ्यावा. सहा महिन्यांनंतर ते वर्षाच्या आत तीच तपासणी पुन्हा करून घ्या. १ जुलै २०२३ ला राष्ट्रीय सिकलसेल मोहीम सुरू झाली, त्यात ही तपासणी मोफत होते. आणि कुणी नळीतले स्वच्छ पाणी दाखवून ‘निगेटिव्ह’ लिहून देऊ लागले, तर बाळाचे वय किती ते आधी विचारा.

सुनेला पुढे पुन्हा दिवस गेले तर तिसऱ्या महिन्याच्या आतच डॉक्टरांना कळवा. गर्भाची तपासणी त्या सुमारास करता येते. हा निर्णय नवरा-बायकोचा, सासूचा नव्हे. आजीबाईंनी राग मानू नये.

माझ्या त्या मुलाने २०२५ मध्ये दहावीची परीक्षा दिली. हायड्रॉक्सीयुरिया नियमित घेतो. परीक्षेच्या दिवसांत पाण्याची मोठी बाटली बाकावर ठेवायची परवानगी हवी म्हणून त्याने माझ्याकडून चिठ्ठी नेली. नेण्याआधी ती दोनदा वाचून पाहिली.