दऱ्या आणि दर्या

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या दऱ्यांनी भरलेला आहे. संगणकावर ‘दऱ्या’ लिहावे आणि पडद्यावर ‘दर्या’ उमटावा, तर डोंगराच्या जागी समुद्रच अवतरावयाचा! परदेशी आज्ञावलीकाराला ही चूक दिसणार कशी? ती मराठी वाचणाऱ्यालाच दिसते.

‘लिब्रेऑफिस’ हा लेखनाच्या आज्ञावलीचा प्रकल्प २०१० साली सुरू झाला. तिची मूळ संहिता सर्वांस खुली आहे. नवी आवृत्ती प्रसिद्ध होण्यापूर्वी कोणीही स्वयंसेवक तिची चाचणी घेऊ शकतो. त्यास पदवी लागत नाही. चिकाटी मात्र लागते.

चाचणीची आवृत्ती कच्ची असते. म्हणून महत्त्वाचे लेखन तिच्यात उघडू नये. ‘दऱ्या’, ‘कुऱ्हाड’, ‘जुन्नर’ असे शब्द लिहावेत, ते साठवून पुन्हा उघडावेत, छापूनही पाहावेत. दोष आढळल्यास तो पुन्हा घडतो का, हे तपासावे. तो आधीच कोणी कळविला आहे का, हेही शोधावे. मग आवृत्तीचा क्रमांक, वापरलेला टंक, केलेल्या क्रिया क्रमाने, काय दिसावयास हवे होते आणि काय दिसले, हे सारे वडीलधाऱ्यांच्या मदतीने ‘बगझिला’ या दोषनोंदवहीत लिहावे. ‘अक्षर बिघडले’ एवढेच लिहिणारा काहीच सांगत नाही. दुरुस्ती झाल्यावर नव्या आवृत्तीत तोच शब्द त्याने पुन्हा लिहून पाहावयाचा असतो.