छतावर सोलर, तरी घरात अंधार?

प्रश्न : निसर्ग वादळानंतर आमच्याकडे बरेच दिवस वीज नव्हती. आता छतावर सोलर बसवलंय. पुन्हा तसं झालं तर काळजी नाही ना? – एक वाचक, नागोठणे

उत्तर : घाबरू नका, पण बॅटरी नसलेलं, नेट मीटरवरचं सोलर महावितरणची वीज गेली की भर उन्हातही आपोआप बंद पडतं, नाहीतर तुमची वीज उलटी लाइनमध्ये शिरून खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. मग पैसे वाया गेले का? नाही, बिल वाचतंच. आता हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी जोडून घ्या, मात्र पंप, गीझर त्यावर टाकू नका. ३ जून २०२०च्या त्या वादळात रायगडात खांबच आडवे झाले होते. अशी दुरुस्ती लांबते, म्हणून दिवे, पंखा, मोबाइल एवढाच भार धरा आणि टाकी आधीच भरून ठेवा. जनरेटर घेतलात तर चेंजओव्हर स्विच हवाच, नाहीतर त्याचीही वीज लाइनमध्ये शिरेल; आणि जनरेटर घरात किंवा बंद पडवीत कधीच चालवू नका; त्याच्या धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.