बकल उघडता येतंय का, ते आधी बघा

सांधेदुखी असलेल्या बाईला मूल झालं की घरातली सगळी माणसं एकच सांगतात, ‘तू उचलू नकोस, आम्ही आहोत ना.’ सल्ला मायेचा असतो, पण तो सकाळी साडेनऊपर्यंतच चालतो. मग नवरा ऑफिसला जातो, सासूबाईंचे गुडघे त्यांना जिन्यापाशीच अडवतात, कामाच्या मावशी अकराशिवाय येत नाहीत, आणि बाळ त्याच्या वेळेला रडतं. उचलावं लागतंच. मग भार कुठल्या सांध्यावर टाकायचा, हे ठरवून उचललेलं बरं.

मला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. आपण सरसकट ज्याला संधिवात म्हणतो, त्यातला हा एक प्रकार. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये तो दुपटी-तिपटीने आढळतो आणि म्हातारपणाची वाट बघत नाही. गरोदरपणात बऱ्याच जणींचं दुखणं ओसरतं, तसं माझंही ओसरलं. पण बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत ते पुन्हा उसळण्याची शक्यता असते, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, आणि तसंच झालं. मनगटं, बोटं आणि उजवा खांदा. सकाळी उठल्यावर तासभर तरी मूठ वळत नाही.

बारशाला आमच्याकडे एक कांगारू बॅग, म्हणजे बाळ अंगावर बांधायचं कॅरियर, आली. पुण्यातल्या एका मोठ्या दुकानातली, किंमत बरीच. दुकानदाराने ‘सगळ्यांना बसते, मॅडम’ असं सांगून दिलेली. दिसायला छान. खांद्यावर दोन पट्टे, पाठीवर एक बकल, बाळाच्या मांड्यांमध्ये चिंचोळी पट्टी, आणि कमरेला काहीच नाही. नवऱ्याने ती माझ्यावर चढवून दिली तेव्हा ठीक वाटलं. पण एका दुपारी मी एकटी असताना बाळाला दुधाची उलटी झाली. त्याला पटकन बाहेर काढायला गेले, तर बकल उघडेना. दोन्ही बाजू चिमटीत धरून मधलं बटण तिसऱ्या बोटाने दाबायचं, अशी ती रचना. मुलांना चुकून उघडता येऊ नये म्हणून केलेली, पण माझ्याही बोटांना ती उघडता येत नव्हती. शेवटी शेजारच्या काकूंच्या दाराची बेल कोपराने वाजवली. काकूंनी बकल उघडलं, बाळाला पुसून दिलं आणि मला म्हणाल्या, ‘अगं, ही वस्तू बाळासाठी आहे की कुलपासाठी?’

त्यांच्या प्रश्नातच सगळं आलं. कॅरियर विकणारे, आणि त्यावर लिहिणारेही, बाळ अंगावर असताना काय वाटतं याबद्दलच बोलतात. पण बाळ नीट बांधलेलं असलं की सांध्यांना फारसं काही करावं लागत नाही. ते कामाला लागतात बांधताना, पट्टा ओढून घट्ट करताना आणि सोडताना. निरोगी हातांना हा अर्ध्या मिनिटाचा खेळ असतो, त्यामुळे त्याची दखलच कोणी घेत नाही. सांधेदुखीवाल्या आईबापांनी मात्र कॅरियरची परीक्षा इथूनच सुरू करावी. मऊ गादी, नक्षी, खिसे हे सगळं नंतर.

मनगट आणि अंगठ्यापासून सुरुवात करते, कारण तो त्रास संधिवात नसलेल्या आयांनाही होतो. अंगठ्याच्या मुळापाशी, मनगटाच्या कडेला असलेल्या स्नायुबंधांच्या आवरणाला सूज येते. फ्रिट्झ द कर्व्हां या स्विस शल्यविशारदाने 1895 मध्ये या दुखण्याचं वर्णन केलं, आणि आजही ते त्याच्याच नावाने ओळखलं जातं. बाळाच्या काखेत हात घालून, अंगठे ताणून, दिवसातून असंख्य वेळा उचलणं हे त्याचं एक नेहमीचं कारण. त्यापेक्षा एक तळवा बाळाच्या ढुंगणाखाली आणि दुसरा मानेमागे सरकवून, भार कोपरापर्यंतच्या हातावर घेत उचलावं. कॅरियरमुळे उचलण्याचे प्रसंग कमी होतात, हा त्याचा खरा फायदा. पण पट्टा ओढताना मनगट वाकडं होत असेल, तर एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखं होतं. काही कॅरियरचे पट्टे मागे खाली ओढावे लागतात, काहींचे पुढे. दुखऱ्या हाताला पुढे ओढायचे पट्टे सोपे जातात. बकल शक्यतो साधं, दोन बाजूंनी दाबायचं घ्यावं. तीन बोटं लागणारं घ्यायचंच असेल, तर दुकानात ते स्वतः, एकटीने, अनेकदा उघडून पाहावं.

रिंग स्लिंग, म्हणजे दोन कड्यांतून ओवलेलं लांब कापड, बघायला सुटसुटीत असतं. झटकन घालता येतं आणि बाळ झोपलं की अलगद उतरवता येतं. पण सगळा भार एका खांद्यावर येतो, आणि कड्यांतून कापड खेचायला बोटांची पकड लागते. खांदा किंवा मान दुखत असेल, किंवा माझ्यासारखी बोटं असतील, तर त्याच्या वाटेला जाऊ नये. ताणल्या जाणाऱ्या होजियरी कापडाच्या लांब रॅपला बकल नसतं, हे त्याचं मोठं सुख. तो आधी अंगावर बांधून ठेवायचा आणि बाळ नंतर आत सरकवायचं, त्यामुळे हातांना घाई नसते. तान्ह्या बाळासाठी मला तो बरा वाटला. अडचण दोन ठिकाणी येते. बांधताना हात पाठीमागे न्यावे लागतात, आणि बाळ सात-आठ किलोचं झालं की कापड लोंबायला लागतं. मग भार खाली सरकतो आणि कंबर वाकते.

कंबरेच्या रुंद पट्ट्याचं कॅरियर हे सांधेदुखीवाल्यांसाठी बहुतेक वेळा पहिलं पाहण्याजोगं. कारण साधं आहे. पट्टा नीट बसला की वजन खांद्यांवरून उतरून ओटीपोटाच्या हाडांवर जातं. पण तो कुठे बांधायचा, यावर सगळं अवलंबून असतं. सिझेरियन झालं असेल तर टाके वाचवून वर घ्यावा लागतो. बाळंतपणात माकडहाडाच्या वरच्या सांध्यांना किंवा पुढच्या जघनसांध्याला त्रास झालेला असेल, तर कधी पट्ट्याच्या आधाराने बरं वाटतं आणि कधी त्याचाच दाब असह्य होतो. हे आधी सांगता येत नाही, बांधूनच कळतं. म्हणून उसनं मिळालं तर आधी उसनं आणावं. मी माझ्या मावसबहिणीचं ठाण्याहून मागवलं होतं. ते मला बसलं नाही, पण काय बसेल ते त्यामुळे कळलं.

खांदा दुखणाऱ्यांसाठी एक बारीक गोष्ट. दोन्ही खांद्यांवरून सरळ खाली उतरणाऱ्या पट्ट्यांना मानेमागे एक आडवी पट्टी असते, आणि तिचं बकल मानेच्या खाली, पाठीवर लागतं. माझा उजवा हात तिथे पोचतच नाही. ज्यांचे पट्टे पाठीवर फुलीसारखे ओलांडून बगलेखाली अडकतात, त्यांत ही भानगड नसते आणि भार पाठीवर पसरतो. मी शेवटी तेच घेतलं. सांधे सैल असलेल्या, म्हणजे खांदा सहज निखळणाऱ्या मंडळींनाही एका खांद्याच्या झोळीपेक्षा हेच सोयीचं पडेल.

गुडघ्यांचं दुखणं आपल्याकडे आजीआजोबांच्या वाट्याला जास्त येतं, आणि आजकाल नातवंड तेच सांभाळतात. पुढे बांधलेलं बाळ पायाखालचं दिसू देत नाही, त्यामुळे जिना उतरताना कठडा धरणं सक्तीचं. बाळ स्वतःचं स्वतः बसायला लागलं, साधारण सहा महिन्यांनंतर, की पाठीवर घेता येतं आणि पाऊल दिसतं. पण पाठीवर चढवायला दुसऱ्याची मदत घ्यावी, आणि तेही पलंगाच्या कडेला बसून. जमिनीवर मांडी घालून बाळ बांधायचं आणि मग उठायचं, हे सासूबाईंनी एकदा करून पाहिलं. त्यांना उठवायला आम्ही दोघं लागलो. शिवाय बाळ कडेवर घ्यायची आपली पिढ्यान्‌पिढ्यांची सवय एका खुब्यावर सगळा भार टाकते आणि पाठीचा कणा वाकवते. कॅरियर नसेल तेव्हा निदान बाजू तरी बदलत राहावी.

घरात दोघं-तिघं वापरणार असतील, तर पट्ट्यावर आपापल्या मापाची खूण करा. मी नवऱ्याच्या मापावर लाल आणि माझ्या मापावर पांढरा धागा शिवून घेतला. नाहीतर प्रत्येक वेळी त्याने सैल केलेला पट्टा आखडलेल्या बोटांनी ओढायची पाळी येते.

आता बाळाच्या बाजूचं, कारण आपल्या सांध्यांसाठी त्याचे सांधे बिघडवायचे नाहीत. त्याचे गुडघे ढुंगणापेक्षा वर, मांड्या गुडघ्यापर्यंत आधार मिळालेल्या, पाय बेडकासारखे पसरलेले, असं बसलं की खुब्याचे सांधे नीट राहतात. माझ्या त्या भेटीतल्या बॅगेत पाय खाली लोंबत होते. चेहरा नेहमी दिसायला हवा, मान वाकवली की कपाळाची पापी घेता यावी इतकं बाळ वर असावं, आणि हनुवटी छातीला टेकू नये. चार महिन्यांच्या आतलं, कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं बाळ झोळीसारख्या स्लिंगमध्ये गुरफटून गुदमरू शकतं. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने 2010 मध्ये नेमका हाच इशारा दिला होता. अशा बाळासाठी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही घेऊ नका. अंगावर बाळ असताना गॅसपाशी उभं राहायचं नाही, चहाचा कपही हातात नको.

आणि स्कूटर. दुकानात निम्मे लोक कॅरियर स्कूटरसाठीच मागतात असं वाटावं इतका हा प्रश्न कानावर येतो. साधं बेबी कॅरियर हे त्यासाठी नसतं. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी दुचाकीवर सेफ्टी हार्नेस आणि हेल्मेट लागतं, आणि वेग ताशी 40 किलोमीटरच्या आत. केंद्राने फेब्रुवारी 2022 मध्ये हा नियम अधिसूचित केला आणि वर्षभराने तो लागू झाला. त्याहून लहान बाळाला दुचाकीवर नेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. रिक्षा करा.

खरेदीला जाताना आजच्या बाळाच्या वजनाचा विचार करू नका. जन्माला तीन किलोच्या आसपास असलेलं बाळ सहा महिन्यांत सात-आठ किलोंवर आणि वर्षाला नऊच्या घरात जातं. घरी कणकेची पाच किलोची पिशवी बांधून पाहा, मग त्यात आणखी दोन-तीन किलो घालून चालून पाहा. संधिवातासाठी फिजिओथेरपिस्ट एक साधा हिशेब सांगतात. काम संपून दोन तास झाल्यावर दुखणं कामाआधीपेक्षा जास्त असेल, तर तेवढं काम त्या सांध्यांना झेपलेलं नाही. कॅरियरलाही तोच हिशेब लावा. दुकान वस्तू परत घेणार आहे का, हे पैसे देण्याआधी विचारा आणि पावती ठेवा. फिजिओथेरपिस्टची वेळ घ्याल तेव्हा कॅरियर आणि बाळ दोन्ही सोबत न्या, आणि वेळ शक्यतो सकाळची, हात आखडलेले असतानाची मागा.